वाया जाणारी धार

सिद्धारामच्या घरी पाहुणा आला की त्याला अर्धाच पेला पाणी मिळायचं. तहान असली तर पुन्हा मागावं, पुन्हा मिळेल. पण भरला पेला द्यायचा आणि त्यातलं निम्मं मोरीत ओतायचं, हे त्या घरात चालत नव्हतं. पाहुणे हसायचे. बायको महानंदा ओशाळायची.

"लोक म्हणायलेत, ह्यांच्या घरात पाणी मोजून देतात."

"देतोय ना? मग झालं की," सिद्धाराम म्हणायचा.

ही सवय त्याला अव्वानं, म्हणजे आईनं लावली होती. अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं त्याचं गाव. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की घागरभर पाण्यासाठी अर्धा दिवस मोडायचा. सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या हातून भरलेली घागर अंगणात कलंडली. अव्वानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्या ओल्या मातीवर त्याला बसवलं आणि कानडीत एवढंच म्हणाली, "हे वाळेपर्यंत उठायचं नाही." ऊन चैत्रातलं होतं, माती लवकर वाळली असेल. त्याला मात्र तो दिवस फार लांबलेला आठवायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो सोलापुरात आला आणि एका गिरणीत चिकटला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत हवा ओली करून सोडत. तळघरात मोठा हौद, त्यावर फवारे, आणि फवाऱ्यांतून ओढलेली गार हवा भुयारातून खात्याखात्यात जायची. त्या हौदावर सिद्धाराम हेल्पर होता आणि मल्लप्पा मिस्त्री त्याचे गुरू. सुटीच्या दिवशी हौद अख्खा रिकामा व्हायचा. मल्लप्पा धोतर खोचून आत उतरायचे, तारेच्या ब्रशनं भिंती घासायचे. उपसण्याआधी ओंजळभर पाणी नाकाशी न्यायचे.

"वास आला का बे, तर समज पाणी मेलं. मेलेलं पाणी हवेत सोडायचं न्हाई. माणूस ते श्वासातनं पितोय."

गिरणीला स्वतःच्या विहिरी होत्या, पाण्याची ददात नव्हती. पुढं गिरणी बंद पडली. मल्लप्पाही गेले. हौदाची ती विद्या सिद्धारामच्या डोक्यात कुठंतरी कोपऱ्यात पडून राहिली. नंतरची वीस-बावीस वर्षं त्यानं पडेल ते केलं आणि शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत राजेशम शेठच्या टॉवेलच्या कारखान्यात देखभालीला लागला. पट्टा, मोटर, पंप, नळ, जे बिघडेल ते सिद्धारामचं.

कारखान्यात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे शिलाईचा हॉल. वर पत्रा, खाली चाळीस बाया आणि चाळीस मशीन. टॉवेलच्या कडा दुमडायच्या आणि शिवायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की खाली बसलेल्या बाईच्या घामाचे थेंब टॉवेलवर पडू नयेत म्हणून तिनं कपाळाला दुसरा टॉवेल बांधावा. पंखे होते, ते भट्टीतलीच हवा ढवळायचे. मागच्या मे महिन्यात जमीला मशीनवर बसल्याबसल्या भोवळ येऊन पुढं झुकली आणि सुई तिच्या बोटातून आरपार गेली. ती शुद्धीवर येण्याआधी सिद्धारामनं चाक उलटं फिरवून सुई वर काढली. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी टॉवेलकडं बघितलं. रक्ताचा डाग पडला होता.

"हा पीस माझ्या नावावर लावू नका शेठ," ती म्हणाली. "उन्हाच्या नावावर लावा."

सगळा हॉल हसला. राजेशम शेठ हसला नाही. जमीला पंचेचाळिशीची, नवरा वारलेला, तोंडानं फटकळ. चाळीस बायांमधली ती एकटीच त्याच्या केबिनमध्ये न विचारता शिरायची. वर्षभर तिनं त्याचा पिच्छा पुरवला. एसी परवडत नव्हता. तेवढं वीजबिल भरायचं तर कारखानाच त्या बिलासाठी चालवावा लागला असता. शेवटी शेठनं पाण्यावर चालणारं मोठं यंत्र घेतलं. एसीच्या पाचव्या हिश्श्याच्या विजेवर अख्खा हॉल गार करतं म्हणे.

मार्चच्या सुरुवातीला यंत्र गच्चीवर चढलं. बसवायला आलेला इंजिनियर माळशिरसकडचा, अभिमन्यू नावाचा. तो दोन दिवस सिद्धारामला सोबत घेऊन हिंडला. बाहेरची तापलेली हवा आधी गार पत्र्यांच्या फटींतून जाते, मग पुठ्ठ्यासारख्या जाळीदार ओल्या पॅडमधून. पॅडवर पाणी फवारलं जातं, त्यातलं काही हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. उरलेलं खाली टाकीत पडतं, पंप ते पुन्हा वर नेतो.

"हे तर आमच्या गिरणीतलंच हाय," सिद्धाराम म्हणाला.

"तेच, काका. फक्त हुशार झालंय." अभिमन्यूनं टाकीच्या बाजूला एका पितळी कॉककडं बोट दाखवलं. त्यातून करंगळीएवढी धार पडत होती आणि गच्चीवरून पाइपनं थेट गटारात जात होती. "हा कॉक मात्र कधी बंद करायचा नाही."

"ह्यातनं किती जातंय?"

"दिवसाला हजारेक लिटर."

सिद्धाराम त्याच्याकडं बघतच राहिला. "हजार लिटर? चांगलं पाणी? गटारात?"

"चांगलं नसतं ते, काका. तुमच्या घरी बोअरचं पाणी पातेल्यात उकळलं की तळाला पांढरं बसतं की नाही? पाणी उडतं, क्षार मागं राहतो. इथं दिवसभर पाणी उडतंय. जुनं थोडं थोडं सोडलं नाही तर टाकीत नुसता क्षार आणि घाण साचणार. आणि पंधरा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची. लिहून घ्या."

सिद्धारामनं वहीत लिहून घेतलं. अक्षर चांगलं होतं त्याचं.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी बायांनी मशीन थांबवून डोळे मिटून हवा खाल्ली. हवा सोडणारी आठ तोंडं होती. पहिल्या तोंडाखालची जागा सिद्धारामनं जमीलाला दिली. कुणी कुरकुर केली नाही. सुई तिच्या बोटातून गेली होती. शिडीवर चढून त्यानं झडप हातानं वाकवली आणि हवेचा झोत बरोबर तिच्या मशीनवर आणला.

"बास का?"

"अजून थोडं खाली, भाऊ. हां! आता मरेपर्यंत हितनं उठत नाही मी."

ती त्याला भाऊ म्हणायची. ईदला शिरखुर्म्याचा डबा त्याच्याकडं यायचा, संक्रांतीला महानंदाच्या बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी तिच्याकडं जायच्या. तिची मुलगी समरा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती त्याला मामू म्हणायची.

नऊ दिवस धार वाहिली. सिद्धाराम रोज गच्चीवर जायचा आणि तिच्याकडं न बघता काम उरकायचा. दहाव्या दिवशी सकाळी घरी नळ यायचा होता, म्हणजे दर पाच दिवसांनी येणारं पाणी. पण आलं नाही. पाइप कुठंतरी फुटला होता. महानंदानं पिंपाच्या तळाचं पाणी वाटीनं काढून भाजी धुतली आणि ते भाजीचं पाणी कपड्यांच्या बादलीत ओतलं. तो ते बघून कामावर आला, गच्चीवर गेला, आणि समोर ती धार. स्वच्छ, उन्हात चमकणारी, गटारात जाणारी.

त्यानं कॉक अर्धा फिरवला. दुपारी जेवून आल्यावर पूर्ण.

काही झालं नाही. हवा तशीच गार. कारखान्याला तिसऱ्या दिवशी लागणारा पाण्याचा टँकर सहाव्या दिवशी लागला. सिद्धारामला वाटलं, पोरगा शिकलेला आहे, पण कंपनी दुसऱ्या देशातलं पुस्तक वाचून बोलते. तिकडं पाणी असेल. आपल्याकडं पाणी कसं वापरायचं हे आपल्याला कळतं. पंधरा दिवसांनी टाकी धुवायची वेळ आली. आठशे लिटर ओतून द्यायचे. त्यानं वरवरची घाण गाळणीनं काढली आणि वहीत तारीख टाकून पुढं लिहिलं, टाकी साफ केली.

एक मेला कारखान्यात झेंडा झाला, पेढे वाटले. राजेशम शेठनं सगळ्यांसमोर सांगितलं, की ह्या उन्हाळ्यात टँकर निम्म्यावर आले ते सिद्धारामच्या हुशारीमुळं. आणि त्याच्या खांद्यावर चादर घातली. टाळ्या वाजल्या.

"भाऊ, आता चादर पण मोजून पांघरा," जमीला मागून ओरडली.

सिद्धाराम लाजला. अठ्ठावन्न वर्षांत त्याच्या खांद्यावर कुणी काही घालायची ती पहिलीच वेळ होती.

त्याच सुमारास हवा कमी यायला लागली. पॅडवर खडूसारखा पांढरा थर चढला होता, जाळीची भोकं बुजत चालली होती. बाया बोलायला लागल्या. सिद्धारामनं स्क्रूड्रायव्हरनं थर टोकरून काढला. पॅड कुजके झाले होते, थराबरोबर त्यांचे लचके आले. मोठी भोकं पडली आणि हवा पुन्हा जोरात सुटली. आता तिच्यासोबत बारीक तुषारही येऊ लागले. पहिल्या तोंडाखाली सगळ्यांत जास्त.

"भाऊ, हे काय नवीन?" जमीलानं वर तोंड करून विचारलं. गालावर बारीक थेंब होते.

"त्रास व्हायलाय का? पुठ्ठा लावू?"

"नको, नको! लग्नात गुलाबपाणी शिंपडल्यावानी वाटायलंय. राहू दे."

त्यानं राहू दिलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वीज दुरुस्तीसाठी दोन दिवस कारखाना बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सिद्धाराम सकाळी गच्चीवर गेला. टाकीचं झाकण उचललं. पाणी अंघोळीच्या पाण्याएवढं कोमट होतं, भिंतीला हात लावला तर शेवाळी बुळबुळ हाताला आली. आणि वास. ओल्या फडक्याचा, बंद खोलीचा वास. त्यानं ओंजळ नाकाशी नेली. मल्लप्पा मिस्त्री त्याला स्पष्ट आठवले, खोचलेलं धोतर, हातातला ब्रश, सगळं. हे पाणी मेलं होतं.

टँकर परवा येणार होता. टाकी ओतली तर दोन दिवस यंत्र बंद. खाली बाया येऊन बसल्या होत्या, पत्रा तापायला लागला होता. "यंत्र का बंद?" म्हणून शेठनं विचारलं असतं, आणि मग पाण्याचा सगळा हिशोब उलगडला असता. त्यानं मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली, काठीनं ढवळली. परवा धुऊ, म्हणाला स्वतःशी. बटण दाबलं.

परवा टँकर आला. टाकी भरलेली होती, ओतवेना, म्हणून धुवायची राहिली.

पुढच्या आठवड्यात शिलाईच्या दोन बाया तापानं पडल्या. उन्हाचा ताप, सगळे म्हणाले. मग जमीला खोकायला लागली. गुरुवारी ती मशीनवर शाल घेऊन बसली होती.

"मे महिन्यात थंडी वाजायलीय भाऊ," ती हसून म्हणाली. "तुमचं मशीन लई भारी हाय."

शनिवारी दुपारी समराचा फोन आला. "मामू, अम्मी को सांस नै आरी."

सिद्धाराम दवाखान्यात पोचला तेव्हा जमीलाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते, पण ती कुणाशी तरी टॉवेलच्या डझनांचं बोलत होती, आणि तिथं तसं कुणी नव्हतं. डॉक्टर अंकिता म्हणून एक तरुण मुलगी होती. हातात कागद, चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण. तिनं समराला विचारलं, आई कुठं काम करते, तिथं अजून कुणी आजारी आहे का. समरानं सिद्धारामकडं बोट केलं. "ये मामू वहींच काम करते."

"काका, तुमच्याकडे कूलर वगैरे आहे? पाण्यावर चालणारा?"

"हाय. मोठा हाय."

"त्याचं पाणी बदलता का? टाकी कधी धुता?"

प्रश्न साधा होता. सिद्धारामला कळलं, की ही पोरगी ओंजळ नाकाशी नेते आहे. त्याच्या घशाशी उत्तर आलंही. पण समरा बघत होती. मागं दाराशी शेठचा माणूस उभा होता. आणि कुठूनतरी त्या टाळ्या कानात वाजल्या.

"दर पंधरा दिवसाला धुतो," तो म्हणाला. "वहीत लिहिलेलं हाय."

"नक्की ना?"

उत्तर समरानं दिलं. "मामू का काम एकदम पक्का है डॉक्टर. अम्मी हमेशा बोलती."

डॉक्टरनं मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि नर्सला औषधाचं नाव सांगून दुसऱ्या खाटेकडं वळली.

रविवारी पाणी यायचं होतं. महानंदा पाइप लावत होती, पिंप, हंडे, कळशा, पातेली सगळं मांडलेलं. सिद्धाराम उंबऱ्यावर बसून होता. नळ सुटला, हंडा भरला, वरून वाहायला लागला. तो बघत होता आणि उठला नाही.

"अहो, सांडायलंय की! डोळे कुटं हायत?"

त्यानं चपला घातल्या आणि सरळ कारखान्याची वाट धरली. सुटी होती, वॉचमननं दार उघडलं. गच्चीवर जाऊन त्यानं झाकण काढलं. पाण्याची रिकामी बाटली होती, ती टाकीत बुडवून भरून घेतली. उन्हात धरली तर आत धागे तरंगताना दिसले. बाटली पिशवीत घालून तो दवाखान्यात गेला. दुपार झाली होती. जमीलाच्या खाटेवर दुसरीच बाई होती. तिला आत, श्वासाच्या मशीनवर नेलं होतं.

डॉक्टर जिन्यात भेटली. त्यानं पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढं धरली.

"टाकी दोन महिन्यांत एकदाबी धुतली न्हाई. काल मी खोटं बोललो."

तिनं बाटली हातात घेतली नाही. नुसती बघितली. मग ती जिना पळत चढली आणि तो मागं मागं गेला. नर्सला तिनं दुसरं औषध सांगितलं, लगेच, आत्ता. मग त्याच्याकडं वळून सावकाश म्हणाली, "एक जंतू असतो. कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याचे तुषार श्वासातून गेले की फुप्फुसात बसतो. नेहमीची औषधं त्याला लागू पडत नाहीत. मला तोच संशय होता. तुम्ही टाकी धुतो म्हणालात म्हणून मी दुसरीकडं शोधत बसले."

"काल सांगितलं असतं तर?"

"काल सांगितलं असतं तर काल सुरू केलं असतं," ती म्हणाली. "बाकीचं मला माहीत नाही. त्या दुसऱ्या दोघी कुठं राहतात? पत्ते सांगा."

त्या दोघींना त्याच संध्याकाळी दवाखान्यात आणलं. आठ-दहा दिवसांत त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

जमीला बुधवारी सकाळी गेली.

तपासणीचे कागद नंतर आले. नक्की काही कळत नाही, असं त्यांत होतं; नमुना घ्यायला उशीर झाला होता. राजेशम शेठला एव्हाना कॉकचं कळलं होतं. त्यानं सिद्धारामला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. शेठ वाईट माणूस नव्हता. मातीला गेला होता, त्याचेही डोळे सुजलेले होते.

"कागदात काही नाही, सिद्धाराम. न्यूमोनिया कुणालाही होतो. उद्या कंपनीचा माणूस येतोय. कॉक क्षारानं आपोआप जाम झाला, असं सांग. तूही सुटशील, मीही."

अभिमन्यू आला. गच्चीवर गेला, पॅड बघितले, टाकीत क्षार मोजायचा मीटर बुडवला आणि आकडा बघून तोंडानं हवा सोडली. मग कॉकपाशी बसला. कॉक जाम नव्हता. बोट लावताच फिरला, आणि धार सुटली.

"काका, हा कुणी बंद केला?"

शेठ सिद्धारामकडं बघत होता.

"मी," सिद्धाराम म्हणाला. "तू सांगून गेला होतास. तरी मी केला."

पोरगं धार तशीच सोडून उठलं. म्हणालं, "मी दुसऱ्या महिन्यात येऊन बघायला पाहिजे होतं. वीस ठिकाणं हायत माझ्याकडं." आणि पान्यानं पॅड सोडवायला लागलं.

यंत्र बारा दिवस बंद होतं. पत्र्याखाली बाया पुन्हा कपाळाला टॉवेल बांधून बसल्या. "एक तर गेलीच," त्यांच्यातली एक सिद्धारामला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता आमाला भाजून मारा." त्यानं त्या दिवसांत टाकी तीनदा घासली. गिरणीत घासायचे तशी, तारेच्या ब्रशनं, आत उतरून. नवे पॅड आले. यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं हॅकसॉ ब्लेडनं कॉकची मूठ कापून टाकली, म्हणजे तो पुन्हा कुणाला, त्याला स्वतःलाही, फिरवता येऊ नये.

जमीलाचा चाळिसावा झाल्यावर समरा कामाला आली. तिचं कॉलेज कायमचं सुटलं होतं. आईची जागा तिनं मागून घेतली, पहिल्या तोंडाखालची. शेठनं दुसरी देऊ केली होती.

सिद्धाराम चार दिवस तिच्याभोवती घुटमळला. पाचव्या दिवशी डबा खायच्या सुटीत तो तिच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

"समरा, तुला एक सांगायचंय. त्या शनिवारी डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. टाकी धुतली नव्हती. धारबी मीच बंद केली होती. मी त्या दिवशीच खरं बोललो असतो तर औषध एक दिवस आधी मिळालं असतं."

समराच्या हातात रोटीचा तुकडा होता. तो तिनं डब्यात परत ठेवला.

"बायकांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "मी बघत होते, तुम्ही कधी सांगता." मग तिनं बोटं ओढणीला पुसली. "मैंने बोली थी ना डॉक्टर को. मामू का काम पक्का है. मेरे मुँह से निकला वो."

"तुझा काय दोष न्हाई त्यात, पोरी."

"नै," ती म्हणाली. "मेरा नै."

तिनं डबा बंद केला. त्यानंतर तिनं त्याला मामू म्हटलं नाही. मिस्त्री म्हणते, बाकीच्या बाया म्हणतात तसं.

उन्हाळा संपला, पुन्हा आला. कारखान्याच्या भिंतीपलीकडं झोपड्या आहेत. गटारात पडणारी धार तिथून दिसते. तिथल्या बाया कमरेवर घागर घेऊन उभ्या राहतात आणि गच्चीवरच्या सिद्धारामला ऐकवतात.

"ओ म्हातारबा! आमी पाच दिसांनी पाणी बघतोय, आन तुमी गटाराला पाजायलाय व्हय? लाज न्हाय वाटत?"

वाटते. पण त्यांना तो काही सांगत नाही. पिण्याजोगं नाही ते, एवढंच वरून म्हणतो, आणि त्यांना ते खोटं वाटतं. एकदा एकीनं दगडही भिरकावला.

रोज सकाळी मशीनला दोरा ओवण्याआधी समरा जिन्यापाशी येऊन वर ओरडते.

"धार चालू आहे का, मिस्त्री?"

"चालू हाय."

"बघून सांगा."

तो पुन्हा वळून कॉककडं जातो, वाकून बघतो, ओंजळ भरून नाकाशी नेतो, आणि परत येऊन सांगतो. "चालू हाय. वास न्हाई." मगच खाली तिचं मशीन वाजायला लागतं.

कॉकच्या खाली, पाइपच्या सांध्यातून थोडं पाणी निथळतं आणि गच्चीवर परातीएवढी ओल धरून राहते. सांधा दुरुस्त करायला त्याला पाच मिनिटं लागतील, पण तो करत नाही. दुपारी भाकरी खायला तो त्या ओलीशेजारीच बसतो, भर उन्हात. चव्वेचाळीस डिग्रीतही ती ओल वाळत नाही.